भोक सापडल्यानंतरचे ५२ दिवस

दोघांचं भांडण सोडवायला मध्ये पडलो आणि चाकू मला लागला. त्या भांडणाबद्दल इथे लिहायचं नाही. लिहायचं आहे ते पुढच्या दिवसांबद्दल. हृदयाच्या पडद्याला भोक आहे हे डॉक्टरांना कळलं होतं, मला कळलं होतं, घरातल्या सगळ्यांना कळलं होतं, आणि तरीही ते बंद न करता आम्हाला ५२ दिवस थांबायचं होतं. शस्त्रक्रियेपेक्षा ते थांबणं मला जड गेलं. थांबणं हाही उपचाराचाच भाग होता हे तेव्हा नीट उमगलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जखम बाहेरून फारशी मोठी नव्हती. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, जेमतेम दोन सेंटिमीटरची चीर. रक्तही फार आलं नाही, आणि गाडीत घातलं तेव्हा दादाला त्याचाच धीर वाटला होता. प्रत्यक्षात रक्त आत साचत होतं. हृदयाभोवती एक पातळ, न ताणणारी पिशवी असते. तिच्यात अचानक रक्त भरलं की हृदयाला फुगायला जागा उरत नाही, ते भरत नाही, आणि जे भरत नाही ते पुढे काय ढकलणार? माझ्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या आणि ब्लड प्रेशर वरचं ७० वर आलं होतं. दाखल करून घेतानाच पोटावर आणि छातीवर सोनोग्राफीचा प्रोब फिरवला, पिशवीत रक्त दिसलं, आणि मला सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. त्यातलं मला आठवतं ते एवढंच, की छतावरचे दिवे एकामागोमाग एक मागे जात होते आणि कुणीतरी सारखं म्हणत होतं, "डोळे उघडे ठेवा, माझ्याकडे बघा."

चाकू हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याच्या पुढच्या भिंतीतून आत गेला होता. हा कप्पा छातीच्या हाडाच्या अगदी मागे असतो, त्यामुळे समोरून भोसकलेल्या जखमांमध्ये सर्वांत जास्त वेळा मार त्यालाच बसतो. सर्जननी मधलं हाड उभं कापून छाती उघडली, पिशवीतलं रक्त काढलं, भोकावर बोट ठेवलं आणि धडधडत्या हृदयावर टाके घातले. पुढे घरी पडून असताना वाचलं की हृदयाची जखम शिवून माणूस वाचवण्याचं काम पहिल्यांदा १८९६ साली फ्रँकफुर्टमध्ये लुडविग रेन या सर्जननी केलं. तीही भोसकल्याची जखम, तीही उजव्याच कप्प्यावर. ते वाचल्यावर पुस्तक बाजूला ठेवून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. तिसऱ्या दिवसापासून मला धाप लागायला लागली. उशीला टेकून बसलो तर बरं, आडवा झालो की छातीवर कुणी बसल्यासारखं. मी सांगितलं, तर उत्तर मिळालं की रक्त बरंच गेलंय, हाड कापलंय, दुखण्यामुळे श्वास पुरा घेतला जात नाही, होईल कमी. कारण पटण्यासारखंच होतं. पण चौथ्या दिवशीही तेच सांगितलं आणि तेच ऐकून घेतलं, याची खंत मला आहे. रुग्णाने दुसऱ्यांदा तीच तक्रार केली तर निदान छातीला पुन्हा एकदा स्टेथोस्कोप लावावा, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

पाचव्या दिवशी एक तरुण रेसिडेंट डॉक्टर छातीत साचणारं रक्त बाहेर काढणारी ड्रेनची नळी काढायला आल्या. नळी काढण्याआधी त्यांनी स्टेथो लावला आणि काढलाच नाही. एका जागी, मग दोन बोटं खाली, मग छातीच्या हाडाच्या पलीकडे. "श्वास रोखा." परत. मग स्टेथो कानातून काढून त्यांनी आपला तळवा सपाट माझ्या छातीवर, पट्टीच्या डाव्या बाजूला, ठेवला आणि डोळे मिटले. नळीचं त्या विसरूनच गेल्या. अर्ध्या तासात माझ्या खाटेभोवती चार डॉक्टर होते आणि प्रत्येकजण तसाच हात ठेवून बघत होता. शेवटी मी विचारलं, "काय लागतंय हाताला?" त्या म्हणाल्या, "तुमचाच हात ठेवून बघा." मी ठेवला. मांडीवर मांजर घुरघुरत असताना तिच्या पाठीवर हात ठेवावा, तशी थरथर प्रत्येक ठोक्याला लागत होती.

त्याच दुपारी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. पडद्यावर हृदय काळं-करडं हलताना दिसतं, आणि रंगाचं बटण दाबलं की रक्ताचा प्रवाह लाल-निळा दिसतो. माझ्या हृदयाच्या मधल्या पडद्यातून, जिथे काहीच आरपार जायला नको तिथून, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांचा फवारा डावीकडून उजवीकडे उडत होता. दोन खालच्या कप्प्यांमधली ती मांसल भिंत. चाकूचं टोक पुढची भिंत ओलांडून तिच्याही आरपार गेलं होतं. डाव्या बाजूने भोक ९ मिलिमीटरचं, उजव्या बाजूने थोडं लहान, आणि मार्ग तिरका. चाकू ज्या कोनात आला त्याच कोनात.

आमच्या घरात सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता. छाती उघडलेली असताना हे दिसलं कसं नाही? दादाने तो जरा चढ्या आवाजातच विचारला. सर्जननी त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. दाखल करतानाची सोनोग्राफी फक्त पिशवीत रक्त आहे की नाही एवढंच बघते. थिएटरमध्ये हृदय बाहेरून दिसतं, आतला पडदा दिसत नाही. तो बघायचा तर हृदय थांबवून, हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर घेऊन कप्पा उघडावा लागतो, आणि मरणाच्या दारातल्या माणसाला तेवढा वेळ नसतो. शिवाय प्रेशर इतकं पडलेलं असताना डावीकडून उजवीकडे रक्त जोराने जातच नाही, त्यामुळे आवाजही येत नाही. चिरलेल्या कडा सुजून एकमेकींना टेकलेल्या असतात. प्रेशर सावरलं, सूज उतरली, मेलेलं मांस सुटायला लागलं, की मग भोक बोलू लागतं. म्हणून असा आवाज काही तासांनी, काही दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा पहिल्यांदा ऐकू येतो. हृदयाला भोसकल्याची जखम शिवलेल्या प्रत्येकाचा रंगीत इको नंतर पुन्हा व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. पहिल्या दिवशीचा बरा आला असला तरीही.

मग आला मोजमापाचा दिवस, नववा. कॅथ लॅबमध्ये जांघेत सुन्न करण्याचं इंजेक्शन देऊन शिरेतून आणि धमनीतून बारीक नळ्या हृदयात नेल्या. मी पूर्ण जागा होतो. प्रत्येक ठिकाणाहून थोडं थोडं रक्त काढून त्यातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजत होते आणि तंत्रज्ञ पलीकडून आकडे ओरडून सांगत होता. वरची महाशीर, ६८. उजवा वरचा कप्पा, ६९. उजवा खालचा कप्पा, ८१. तिथे सगळे क्षणभर गप्प झाले. फुप्फुसाची धमनी, ८२. महाधमनी, ९८.

शरीरातून परत आलेलं रक्त उजव्या बाजूला शेवटपर्यंत साधारण तेवढंच राहायला हवं. माझ्या खालच्या कप्प्यात ते एकदम १२ ने चढलं, कारण डावीकडचं ऑक्सिजन भरलेलं ताजं रक्त भोकातून तिथे मिसळत होतं. डाव्या कप्प्यात प्रेशर साधारण १२०, उजव्यात २५ च्या आसपास, मग रक्त सोप्या वाटेनेच जाणार. या आकड्यांवरून गणित मांडतात: ९८ वजा ६८ म्हणजे ३० हा शरीरातला फरक, ९८ वजा ८२ म्हणजे १६ हा फुप्फुसांतला; फरक जितका कमी तितकं रक्त जास्त, आणि ३० भागिले १६ म्हणजे जवळजवळ १.९. शरीराकडे एक लिटर रक्त जात असेल तर फुप्फुसांकडे जवळपास दोन. तेच रक्त पुन्हा पुन्हा फुप्फुसात, आणि डाव्या कप्प्यावर दुप्पट काम. धाप त्याचीच होती. हे गुणोत्तर दीडपेक्षा कमी असेल आणि त्रास नसेल तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. लहान भोकं आपोआप बुजलेलीही आहेत. माझं त्यात बसत नव्हतं. बंद करायचं हे त्या टेबलावरच ठरलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "आता घरी जायची तयारी करू."

दादा उभाच राहिला. "भोक माहीत असून घरी पाठवताय?"

सर्जन त्याच्यावर चिडले नाहीत. ते म्हणाले, "ओल्या जमिनीत खुंटी ठोकली तर धरते का? तुमच्या भावाचा पडदा आत्ता तसा आहे. भोसकलेलं मांस सुजलंय, काही मेलंय. आज टाका घातला तर तो मांस कापत बाहेर येईल. आज छत्री, म्हणजे भोक बुजवणारी तारांची जाळी, बसवली तर कडा विरून भोक मोठं होईल आणि छत्री सुटेल. सहा-आठ आठवड्यांत कडांना व्रण धरतो, चामड्यासारखा चिवट. मग धरेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे थांबणं तुम्हाला झेपतंय तोवरच. औषधांवर श्वास आटोक्यात राहिला नाही, किडनी किंवा प्रेशर घसरू लागलं, तर आम्ही एक दिवसही थांबणार नाही. ओल्या जमिनीतच ठोकू, दुसरा इलाज नसतो तेव्हा."

हे शेवटचं वाक्य आम्ही घरी जाताना पुन्हा पुन्हा आठवत होतो. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच होतं.

घरचे दिवस वहीत आहेत. वही दादाची. रोज सकाळी लघवी करून, काही खायच्या-प्यायच्या आधी, त्याच वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आकडा लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, कारण ते वजन नसतं, पाणी असतं. घोट्याजवळ अंगठा दाबून खळगा राहतो का बघायचं. रात्री किती उशा लागल्या तेही लिहायचं. लघवीची गोळी सकाळी, हृदयावरचा भार कमी करणारी दुसरी गोळी रात्री. मीठ कमी. वजन उचलायचं नाही, छातीचं हाड अजून तारांनी बांधलेलं होतं. आणि एक सूचना त्यांनी लाल पेनाने लिहून दिली होती: ताप आला तर स्वतःहून अँटिबायोटिक घ्यायचं नाही, आधी रक्त कल्चरला द्यायचं. भोकातून जोराने उडणारी धार समोरच्या भिंतीवर आपटत असते, तिथे जंतू घर करू शकतात, आणि अर्धवट औषध पोटात गेलं की ते तपासणीत सापडत नाहीत. मला एकदा ताप आला. आम्ही रात्री साडेअकराला रक्त द्यायला गेलो. कल्चरमध्ये काही निघालं नाही, पण त्या तीन दिवसांत आई झोपली नाही.

रात्री डाव्या कुशीवर वळलो की ती घुरघुर गादीतून कानापर्यंत यायची. पहिले काही दिवस मी तिला घाबरून उजव्या कुशीवरच झोपत होतो. नंतर उलटं झालं. जाग आली की आधी तळवा छातीवर. आहे. मग झोप.

चौथ्या आठवड्यात वजन वाढलं. एक किलो सहाशे, चौथ्या दिवशी आणखी पाचशे. उशा दोनाच्या तीन झाल्या. फोन केला, दुसऱ्या दिवशी इको झाला, लघवीच्या गोळीचा डोस दुप्पट केला आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पाच दिवसांत उतरलं नाही तर दाखल व्हायचं, पुढचं तिथे ठरेल. वजन चौथ्या दिवशी उतरलं. दादाने त्या आकड्याभोवती गोल केला आहे, अजून वहीत आहे.

सातव्या आठवड्यातला इको मला मुद्दाम दाखवला. पाचव्या दिवशीच्या चित्रात भोकाच्या कडा फाटक्या कापडासारख्या लोंबत होत्या, कुठे मांस संपतं आणि कुठे रक्त सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. आता भोकाभोवती पांढरी, चकाकती, स्पष्ट रेघ होती. "ही तुमची सात आठवड्यांची कमाई," इको करणारे डॉक्टर म्हणाले.

छाती पुन्हा उघडायची की कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने, छत्री बसवायची, यावर सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ एकत्र बसले. झडप फाटलेली असती, हृदयाची धमनी कापलेली असती किंवा भोक झडपेला लागून असतं तर शस्त्रक्रियाच करावी लागली असती. हार्ट-लंग मशीन लावून, कृत्रिम कापडाचा किंवा प्रक्रिया केलेल्या हृदयावरणाचा तुकडा शिवून. माझ्या झडपा शाबूत होत्या, भोक मांसल भागात खाली होतं, चहूबाजूंनी कड होती. शिवाय दोन महिन्यांपूर्वी उघडलेल्या छातीत हृदय हाडाला आतून चिकटलेलं असतं, पुन्हा हाड कापताना त्यालाच इजा होण्याची भीती. म्हणून छत्री. जेम्स लॉक आणि सहकाऱ्यांनी खालच्या कप्प्यांमधली भोकं कॅथेटरने बंद केल्याचं १९८८ साली प्रसिद्ध केलं, तेव्हा खरोखरच दुहेरी छत्री वापरली होती. आता जे बसवतात ते दोन चकत्या आणि मधे कंबर असं असतं, पण नाव छत्रीच राहिलं आहे.

डॉक्टरांनी नमुन्याची छत्री माझ्या हातात दिली. निकेल आणि टायटेनियमच्या केसासारख्या तारांची विणलेली जाळी, आत पॉलिस्टरचं कापड. त्यांनी ती ओढून एका बारीक नळीत घातली, ती काडीसारखी लांब झाली. दुसऱ्या टोकाने ढकलली, तर एक चकती टपकन उघडली, मग कंबर, मग दुसरी चकती. धातूला आपला आकार आठवतो. मी ते चार वेळा करून पाहिलं. निकेलची अ‍ॅलर्जी आहे का, हे त्यांनी तेव्हाच विचारलं. धोकेही सगळे सांगितले: छत्री निसटू शकते, ठोक्यांचा संदेश नेणारी हृदयातली विद्युतवाहिनी दबून ठोके मंदावले तर पेसमेकर लागू शकतो, झडपेत अडकू शकते, थोडी गळती राहू शकते. सही करताना माझा हात स्थिर होता, दादाचा नव्हता.

५७ वा दिवस. या वेळी पूर्ण भूल, कारण अन्ननलिकेतून इकोचा प्रोब आत असतो. पुढचं मला नंतर सांगितलेलं. जांघेतल्या धमनीतून एक तार महाधमनीतून डाव्या कप्प्यात, तिथून भोकातून उजवीकडे, फुप्फुसाच्या धमनीपर्यंत. मानेतल्या शिरेतून तारेचा फास सोडून ते टोक पकडलं आणि मानेतून बाहेर ओढलं. म्हणजे एकच तार जांघेतून शिरून, हृदयाच्या दोन्ही बाजू पार करून, मानेतून बाहेर. तिच्यावरून मानेकडून नळी भोकापलीकडे नेली, डाव्या बाजूची चकती उघडली, हलकेच ओढून पडद्याला टेकवली, मग उजवीकडची उघडली. भूल असताना भोक १० मिलिमीटर भरलं, छत्री १२ ची घेतली. झडपा मोकळ्या आहेत, छत्री हलत नाही, हे इकोवर पुन्हा पुन्हा पाहून मगच धरून ठेवलेली केबल स्क्रूसारखी उलटी फिरवून सोडली. मार्ग तिरका असल्याने पहिल्यांदा चकती वाकडी बसली होती, ती पुन्हा नळीत ओढून घेऊन दुसऱ्यांदा बसवली. सोडण्यापूर्वी परत घेता येते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकूण अडीच तास.

जाग आल्यावर हात बांधलेले नव्हते. तळवा छातीवर गेला. ठोका होता, थरथर नव्हती. मला ते चांगलं लक्षण आहे हे कळायला वेळ लागला, आधी भीतीच वाटली आणि मी सिस्टरना हाक मारली.

त्या संध्याकाळी लघवी चहाच्या रंगाची झाली. आम्ही पुन्हा हबकलो. जाळीतून अजून बारीक धार निसटत होती आणि तारांवर आपटून तांबड्या पेशी फुटत होत्या. सलाइन चालू ठेवलं, रोज रक्त तपासलं. गळती थांबली नाही तर छत्री काढावी लागते, हेही लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी रंग फिका, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. महिन्याभराने झालेल्या इकोत गळती नव्हती.

अ‍ॅस्पिरिन सहा महिने, सुरुवातीला जोडीला रक्त पातळ ठेवणारी आणखी एक गोळी. तेवढ्या काळात छत्रीवर शरीराचं स्वतःचं अस्तर चढतं. तोवर दाताचं काही करायचं तर आधी अँटिबायोटिक. लघवीची गोळी दुसऱ्या महिन्यातच सुटली. छत्रीचं कार्ड, तिच्या मापासह, माझ्या पाकिटात असतं. एमआरआयच्या वेळी ते दाखवलं की काम होतं.

मागच्या महिन्यात त्याच वॉर्डातून फोन आला. एका मुलाला तसंच भोसकलेलं, तसंच भोक, आणि त्याच्या काकांना घरी पाठवण्याचा अर्थ लागत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं होतं, बोलाल का. मी बोलू लागलो, तर दोन मिनिटांनी दादाने फोन माझ्या हातातून घेतला. "काका, माझंही हेच म्हणणं होतं," तो म्हणाला, आणि मग, "वजनकाटा आहे का घरी? एक वही काढा."